बिनपंख्याचा डबा

"पंखा असलेला घ्या ताई. स्वस्त पडंल. आवाज म्हणाल तर माशी गुणगुणल्यासारखा," मुरबाडच्या दुकानातले शेखरभाऊ म्हणाले.

"माशीसुद्धा नको," मी म्हटलं.

किशोरने माझ्याकडे पाहिलं. आमच्या हॉलमधला जुना कॉम्प्युटर तीन वर्षं चोवीस तास चालू होता. लग्नाचं शूटिंग, सासूबाईंची भजनं, सिनेमे, सगळं त्याने त्यात साठवलेलं. आमच्या धसईत नेट कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून टीव्हीवर, मोबाइलवर त्यातूनच लावायचं. पण त्याच्या पंख्याची घरघर ओट्यापर्यंत यायची, आणि लाइट गेली की इन्व्हर्टर तासाभरात बसायचा. किशोरला कमी वीज खाणारं मशीन हवं होतं. मला शांत हवं होतं, आणि त्याचं कारण माझ्या मांडीवर बसून माझी ओढणी चोखत होतं.

प्रज्वल चौदा महिन्यांचा. हाक मारली की वळत नाही. डॉक्टरांनी ठाण्याला कान तपासून घ्यायला चिठ्ठी दिली, त्याला महिना झाला. सासूबाई म्हणाल्या होत्या, "घरात दिवसभर ती घरघर. त्यात पोराला तुझा आवाज कसा जायचा गो? किशोर पन उशिराच बोलला." मला ते पटवून घ्यायचं होतं. शिवाय प्रज्वल रांगत जाऊन त्या जुन्या मशीनला गाल लावायचा आणि हसायचा. आवाज आवडतो त्याला, असं मी सगळ्यांना सांगायचे.

शेखरभाऊंनी टिफिनएवढं काळं मशीन पुढे ठेवलं. "यात पंखाच नाय. जुना शंभर वॅट खात असंल, हा धा-बारा खाईल. वरनं जरा गरम लागंल, तेवढंच."

"लग्नाचं शूटिंग अडकणार नाही ना?" किशोरने विचारलं.

"अडकायचं ते तुमी अडकलात दादा. शूटिंग नाय अडकायचं."

तेच घेतलं.

दोन दिवस कॉपी चालली. रविवारी दुपारी किशोरने जुन्याची वायर काढली आणि घर एकदम मोकळं झालं. शेजारच्या अंगणात सूप पाखडल्याचं ऐकू आलं.

"चालू आहे ना नवा?" मी विचारलं.

"चालूच आहे."

प्रज्वल रांगत गेला. नव्या डब्याला गाल लावला. गाल उचलला. मग तळहात ठेवला आणि किशोरकडे पाहत राहिला. मी मागून हाक मारली. पुन्हा मारली, मोठ्याने.

सासूबाई आतून थाळी घेऊन आल्या. त्याच्या पाठीमागे उभं राहून त्यांनी उलथन्याने एकदाच जोरात वाजवली. ओटीवरची कोंबडी फडफडत अंगणात पळाली. प्रज्वल डब्यावर हात फिरवत होता.

सासूबाईंनी थाळी भिंतीला टेकवली.

"चिठ्ठी कुठं ठेवलीस गो?"

"कपाटात."

"काढ. उद्या पहिल्या गाडीनं जाऊ. मी पन येते."

किशोरने जुन्याची वायर परत बोर्डात लावली. प्रज्वलला उचलून त्याच्याजवळ बसवलं. प्रज्वलने त्या थरथरत्या पत्र्याला गाल लावला.

मी कपाटातल्या साड्या एकेक बाजूला करत होते. हॉलमधून त्याचं हसू येत होतं. त्या घरघरीतूनही मला स्वच्छ ऐकू येत होतं.