जांभळ्या उजेडातली तांबडी

ओरेलीच्या घरातल्या मागच्या खोलीला कुलूप असायचं आणि त्याची किल्ली तिच्या गळ्यात, क्रूसाच्या शेजारी लोंबायची. गावात कुणाला त्याचं नवल नव्हतं. घरात गांज्याची चार झाडं लावायला कायद्याची मोकळीक होती, खोली तेवढी बंद ठेवायची. कॅनडातल्या न्यू ब्रन्सविकच्या त्या किनाऱ्यावर अशा कुलपाआडच्या खोल्या घरोघर होत्या. फरक इतकाच, की इतर लोक कुलपात आपलं झाड ठेवायचे आणि ओरेलीच्या कुलपात ओझियासमामाचं झाड होतं.

ओझियास म्हणजे तिच्या आईचा धाकटा भाऊ. कायदा अंगावर यायचा त्या दिवसांत त्याने रानात, रास्पबेरीच्या जाळ्यांआड, वर्षानुवर्षं निवडून निवडून स्वतःची एक जात तयार केली होती. पिकायला आली की तिच्या फुलोऱ्याचे केस तांब्यासारखे होत, म्हणून तो तिला तांबडी म्हणायचा. बियांची बरणी एका हिवाळ्यात उंदरांनी फस्त केली. त्यानंतर उरलं ते एक आईझाड. त्याला फुलायला द्यायचं नाही, दिव्याखाली कायम हिरवं राखायचं आणि लागेल तेव्हा त्याची फांदी छाटून नवं रोप करायचं, असा बेत होता. लग्न म्हाताऱ्याने केलं नाही. प्रेम केलं ते हिच्यावर.

शरद ऋतूत त्याच्या गुडघ्यांनी संप पुकारला आणि त्याला वृद्धाश्रमात जावं लागलं. तिथे कुंडी चालत नव्हती, दिवा चालत नव्हता. आईझाड आणि आपला जांभळा एलईडी दिवा त्याने ओरेलीच्या हवाली केला.

"मी मेलो तर रडू नकोस," तो म्हणाला, "पण ही मेली तर मला तोंड दाखवू नकोस."

"मामा, मी आयुष्यभर बायकांचे केस रंगवले. झाडातलं मला काय कळतं?"

"कुणाचे केस जाळलेस का?"

"एकदाच."

"मग जमेल."

ओरेलीने पुढच्या खोलीत पार्लर चालवलं होतं. गुडघे तिचेही कुरकुरायला लागले तेव्हा खुर्ची विकली, आरसा तेवढा ठेवला. झाडाचं तिला काही कळत नव्हतं हे खरं, पण कुठलीही गोष्ट एकदा हातात आली की तिचं पोट फाडून आत काय आहे ते पाहिल्याशिवाय तिला चैन पडत नसे. झाड नेमका कुठला उजेड खातं, हे ती फोनवर वाचत बसायची. पानाला लाल आणि निळा उजेड जास्त आवडतो, हिरवा ते परत टाकतं, म्हणून तर आपल्याला पान हिरवं दिसतं. मग मामाचा दिवा शहाणाच म्हणायचा. लाल आणि निळा, बस. ताटात टाकून द्यायला काही नाही.

हे तिने शेजारच्या रेझाँला सांगितलं तेव्हा तो हसून हसून खोकला. रेझाँ खेकड्यांच्या बोटीवर जायचा आणि हिवाळ्यात बोट बर्फात अडकली की लोकांच्या घरांत नाक खुपसत हिंडायचा. लहानपणी एकाच बसने शाळेत जायचे दोघं.

"अगं, सूर्याला कधी कुणी सांगितलं का, की बाबा, तुझा हिरवा फुकट जातोय?" तो म्हणाला. "तुझ्या मामाचा दिवा जुना झाला. खिडकीतून बघणाऱ्याला वाटेल, ओरेलीने म्हातारपणी नाचगाण्याचा बार काढला."

त्याच्याकडे नवा दिवा होता. चपटा, पाटासारखा, दुपारच्या उन्हासारखा पांढरा. त्यावर तो टोमॅटो करायचा. तो म्हणायचा, तांबडीला ह्याच्याखाली आण. आश्रमात मामा म्हणायचा, रेझाँच्या हातून कांद्याची पात उगवत नाही, त्याचं ऐकू नकोस. तांबडीची वाढ मात्र थोडी सुस्तावली होती, आणि ते ओरेलीला रात्रंदिवस खुपत होतं.

शेवटी तिनेच तोडगा काढला. दोन्ही दिवे पारखून बघायचे आणि जो जिंकेल त्याच्याखाली आईझाड कायमचं ठेवायचं.

एकाच आईझाडाच्या दोन फांद्या, सारख्या जाडीच्या, छाटून रुजवल्या. मागच्या खोलीत चादरींची दोन जुनी कपाटं होती, ती रिकामी करून आतून चकचकीत कागद लावला. एकात जांभळा दिवा, त्याखाली एक रोप आणि शेजारी आईझाड. दुसऱ्यात पांढरा दिवा आणि दुसरं रोप. माती एकाच पोत्यातली, कुंड्या एकाच दुकानातल्या, पाणी एकाच नळाचं आणि एकाच कपाने. दिवा किती उंच टांगायचा ते रेझाँने टेपने मोजलं, ओरेलीने हाताची पालथी बाजू पानाच्या उंचीवर धरून चटका लागत नाही ना ते पाहिलं, आणि तिचंच खरं धरलं.

रेझाँने उजेड मोजायचं ॲप आणलं. फोन म्हणाला, जांभळा अगदीच मंद आहे. रेझाँ खूश. ओरेलीने आश्रमात विचारलं तर मामा फिस्कारला, "फोन माणसाच्या डोळ्याने बघतो, गाढवांनो. झाडाला डोळे आहेत का?" घरी येऊन तिने वाचलं तर म्हाताऱ्याचं बरोबर निघालं. माणसाच्या डोळ्याला जो मंद वाटतो तो झाडाला भरपूर असू शकतो. तिला फार मजा वाटली. म्हणजे त्या कपाटात काय घडतंय ते झाडालाच ठाऊक, आपण बाहेर उभे राहून तर्क लढवायचे.

दर रविवारी प्रार्थनेनंतर ती मामाकडे जायची. डब्यात फ्रिको, म्हणजे कोंबडी-बटाट्याचा पातळ रस्सा, आणि फोनमध्ये दोन्ही कपाटांचे फोटो. जांभळ्या कपाटातली रोपं फोटोत काळीभोर, भरदार दिसायची. पांढऱ्यातलं रोप सुरुवातीला छान हिरवं होतं. मग त्याच्या खालच्या पानांवर शिरांच्या मधल्या भागात पिवळेपणा आला. मग तो वाढला.

"बघ!" मामा चमचा हलवत म्हणाला. रस्सा पांघरुणावर सांडला. "भाजलं पोरीला त्या पांढऱ्याने. मी काय सांगत होतो?"

"रेझाँ म्हणतो, अजून थांबूया."

"रेझाँ हरतोय म्हणून थांबूया म्हणतो. फेकून दे ते रोप. ती जागा रिकामी कर आणि आईची फांदी छाटून नवं रोप लाव. सगळी जांभळ्याखाली."

ओरेलीला पटलं. कायद्याच्या चारांतलं चौथं झाड तिचं स्वतःचं, नुकतंच दुकानातून आणलेलं होतं. नवं काही लावायचं तर कुणाला तरी जावंच लागणार होतं. आणि डोळ्यांनी दिसत होतं, एक काळंभोर, एक पिवळं. आणखी काय पाहिजे?

सोमवारी सकाळी तिने पिवळं रोप उचललं. बाहेर जायचं तर बूट चढवायला हवेत, म्हणून कुंडी स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी खुर्चीवर ठेवली. बाहेर बर्फावर ऊन पडलं होतं, डोळे दिपत होते. एक बूट पायात आणि एक हातात अशी ती थांबली.

खालची पानं पिवळी होती, खरं. पण शेंड्याची नवी पानं हिरवीगार होती. देठ तिच्या करंगळीएवढा जाड. मरणारं रोप असं दिसत नाही.

तेव्हा तिला एकदम स्वतःचीच लाज वाटली. पार्लरमध्ये ती एकाही बाईला आरशावरून रंग ठरवू द्यायची नाही. ट्यूबलाइटखाली सोनेरी दिसणारे केस बाहेर उन्हात पितळेसारखे निघतात. 'दारात चला, उजेडात बघा' हे वाक्य तिने जितक्या वेळा म्हटलं असेल तितक्या वेळा देवाचं नाव घेतलं नसेल. आणि इथे तीच बाई एका रोपाला एका दिव्याखाली, दुसऱ्याला दुसऱ्याखाली बघून निकाल देत होती.

ती तशीच, एका बुटावर, मागच्या खोलीत गेली आणि जांभळ्या कपाटातल्या दोन्ही कुंड्या घेऊन आली.

छोटं रोप खिडकीत ठेवलं तर लिंबासारखं पिवळं, कडांना गंजाचे डाग. आणि आईझाड. ओरेलीने त्याच्या एका पानाला नुसतं बोट लावलं, ते गळून तिच्या हातात आलं. दुसऱ्याला लावलं, तेही आलं. शेंडासुद्धा फिकट. तिने पानं खाली ठेवली आणि रेझाँला फोन लावला.

रेझाँ फोन ठेवल्या ठेवल्या बर्फ तुडवत आला. जिंकल्याची फुशारकी मारील असं तिला वाटलं होतं, पण झाड बघून त्याने टोपी काढली.

"म्हणजे जांभळ्याने मारलं?" तो म्हणाला.

"नाही रे. पिवळं तर दोन्हीकडे पडलंय. जांभळ्याने फक्त झाकलं. दोन्हीकडे सारखं काय होतं?"

"सगळंच. तूच तर हट्ट धरलास, सगळं सारखं पाहिजे."

"मातीत काही असेल?"

"त्याच पोत्यातल्या मातीत माझे टोमॅटो आहेत. उत्तम आहेत." मातीचे हात धुवायला तो बेसिनपाशी गेला आणि हात चोळत राहिला. "तुझ्याकडे साबण जाता जात नाही बघ. माझी बायको म्हणते, ओरेलीचं पाणी रेशमी आहे."

ओरेली त्याच्याकडे बघत राहिली. विहिरीचं पाणी इथे जड. त्याने केसांचा रंग बिघडायचा, म्हणून तिने पार्लरसाठी तळघरात पाणी हलकं करायचं यंत्र बसवलं होतं. पार्लर गेलं, यंत्र राहिलं. त्यात ती न चुकता मिठाची पोती ओतायची.

"मीठ," ती म्हणाली. "अरे, ते यंत्र पाण्यातलं चुना-मॅग्नेशियम काढून घेतं आणि त्याच्या जागी मीठ सोडतं. पान हिरवं राहायला जे लागतं तेच मी काढून घेत होते. वर खारं पाणी पाजत होते. अगदी मापाने!"

दोघंही खाली बसले. पांढऱ्याखालच्या रोपाची कुंडी पुढे ओढत ओरेली म्हणाली, "मग ह्याचाच शेंडा हिरवा कसा? पाणी तर तेच."

रेझाँ खिडकीबाहेर बघायला लागला. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

"रेझाँ."

"चिमूटभरच टाकलं," तो म्हणाला.

"काय टाकलंस?"

"एप्सम मीठ. मॅग्नेशियमचं. मी टोमॅटोला टाकतो. तू दिवा वर घ्यायला बोलवायचीस ना, तेव्हा. पाठ फिरली की टाकायचो." त्याचे कान लाल झाले होते. "माझ्या दिव्याखाली ते पिवळं पडलेलं मला बघवेना. म्हातारा हसतो माझ्यावर."

"अरे लबाडा!" तिने पायाशी पडलेला बूट उचलून त्याच्यावर उगारला. "मी इथे कप मोजून पाणी घालतेय, आणि तू—" मग तिची नजर त्या हिरव्या शेंड्यावर गेली आणि बूट खाली आला. पिवळी पडलेली जुनी पानं परत हिरवी होत नाहीत, ती तशीच राहतात. त्यांच्याकडे बघून ती रोप फेकायला निघाली होती. ह्या माणसाने चोरी केली नसती, तर खिडकीत आज तीन मेलेली झाडं असती. "बस. खाऊन जा," ती म्हणाली. "आणि पुन्हा माझ्या खोलीत खिसे उलटे करून यायचं."

यंत्राच्या अलीकडे तळघरात एक नळ होता, विहिरीचं थेट पाणी देणारा. त्या पाण्याने त्यांनी तिन्ही कुंड्यांतली माती भरपूर धुऊन काढली. आईझाडाने ते पाणी घेतलं नाही. आठवडाभरात ते काडी झालं, पाठोपाठ जांभळ्याखालचं रोपही गेलं. मामाची तांबडी म्हणून जगात आता एकच कुंडी होती.

रविवारी ती आश्रमात गेली तेव्हा फोनमध्ये जुने जांभळे फोटो होतेच. त्यातला एक दाखवला असता तरी म्हातारा खूश झाला असता. ते तिच्या मनात आलं, नाही असं नाही. पण तिने खिडकीतल्या उजेडात काढलेला आईझाडाचा फोटो त्याच्यापुढे धरला.

मामाने फोन तिच्या हातातून घेतला. मग त्याने अंगठ्याने फोटो मोठा केला, देठापासून शेंड्यापर्यंत सावकाश सरकवला.

"कधीपासून?"

"माझ्या घरी आल्यापासून. पाणी माझं होतं, मामा." तिने सगळं सांगितलं. मीठ, यंत्र, रेझाँची चिमूट. उरलेल्या रोपाचा फोटोही दाखवला.

"म्हणजे ही चोरीच्या मालावर जगली."

"तू तिला दुसरं काय शिकवलंयस?"

त्याच्या ओठाचा एक कोपरा हलला, तेवढाच. "कोट दे माझा," तो म्हणाला. "फोनवर विश्वास नाही आता. ऊन जायच्या आत मला ती बघायचीय."

नर्सने सही घेतली, दहादा बजावलं. रेझाँने पिकअप दाराशी आणून लावली, आणि दोघांनी मिळून म्हाताऱ्याला आणि त्याच्या चाकांच्या खुर्चीला आत चढवलं. वाटेत मामा तोंड फिरवून खिडकीबाहेर बघत होता. उतरताना मात्र त्याने रेझाँचा खांदा धरला आणि जरा जास्तच वेळ धरून ठेवला.

स्वयंपाकघराच्या खिडकीत बसून त्याने कुंडी मांडीवर घेतली. एकेक पान उलटून पाहिलं. शेंडा दोन बोटांत चुरल्यासारखा केला आणि बोटं नाकाला लावली. ओरेली त्याच्या बोटांकडे बघत होती.

"हीच," तो म्हणाला. "फांद्या छाटू नका इतक्यात. आधी हिला सावरू दे."

"मग ठेवायची कुठल्या दिव्याखाली?" रेझाँने हळूच विचारलं. "पारख तर झालीच नाही. कोणता चांगला, ते अजून कुणालाच माहीत नाही."

"जांभळ्याखाली जास्त वाढेलही कदाचित," ओरेली म्हणाली. तिला खरंच ते जाणून घ्यायचं होतं.

"वाढेल. नाही वाढणार. ते पुढे बघू, रोपं तीन झाली की. तेव्हा ह्या चोराला बाहेर ठेव." मामाने कुंडी रेझाँच्या हातात दिली. "आत्ता पांढऱ्याखाली ठेवा. तिला काय होतंय ते मला दिसलं पाहिजे."

रेझाँने कुंडी छातीशी धरली आणि दारात अडखळणार नाही अशी पावलं टाकत तो मागच्या खोलीकडे गेला. मामा ओरेलीला खुर्ची ढकलायला लावून त्याच्या मागोमाग गेला. रिकाम्या कपाटात जांभळा दिवा अजून चालूच होता. मामाने आपला हात त्या उजेडात धरला, उलटा केला, सुलटा केला. म्हातारपणाचे सगळे डाग नाहीसे झाले होते.

"ओरेली," तो म्हणाला, "हा दिवा आश्रमात चालत नाही, नाही का गं?"