पांढरी चिंधी

बंदूक आमच्या ह्यांची, परवाना ह्यांचा, मिशीला पीळ ह्यांचा. आणि धुवायची मी. लग्न होऊन अंजूरला आले तेव्हापासून हेच चाललंय. ठासणीची बंदूक ती, दारू-छर्रे नळीच्या तोंडातून ठासून भरायची. उडवली की नळीत काजळी धरते, तशीच ठेवली तर गंजून जाते. मग पाणी उकळा, नळीत ओता, गजाला फडकं बांधून घासा, नासक्या अंड्याच्या वासाचं काळं पाणी मोरीत सोडा. चार पाणी झाली की उन्हात वाळवा, खोबरेल लावा आणि नळीच्या तोंडात पांढरी चिंधी खोचा. पांढरी म्हणजे धुतलेली, रिकामी. लाल म्हणजे भरलेली. माझ्या सासूची ही रीत. चाळीस वर्षं पाळली बाई. कंटाळा आला म्हटलं तर बिघडलं कुठं?

त्या साली विधानसभेची निवडणूक लागली. निवडणूक आली की बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायच्या, निकाल लागला की परत आणायच्या. माझ्या हातांचे सांधे तेव्हा असे सुजलेले की तांब्या उचलवत न्हवता. हे म्हणाले, "हौसा, उद्या बंदूक न्यायची हाय, धुवून ठेव."

मनात म्हटलं, मेली ती बंदूक! तोंडात कुठलीच चिंधी न्हवती, म्हणजे उडवून आणलेली असणार, असं मी धरून चालले. वरवर पुसली, पांढरी चिंधी खोचली.

"धुतली का?"

"धुतली."

ह्यांना मोतीबिंदू, दिसतं अर्धंमुर्धं. रिक्षानं भिवंडीला गेले, बंदूक जमा केली, पावती घेऊन आले.

तिसऱ्या दिवशी जेवताना ह्यांचा घास हातातच राहिला. "हौसा, ती भरलेली हाय गं."

आमचं पंधरा गुंठे भात उरलंय, दोन्ही अंगांना गोदामं. त्यात डुक्कर शिरतो म्हणून ह्यांनी बंदूक ठासली होती. डुक्कर काही आला न्हाय. हे बंदूक तशीच घेऊन आले, खुंटीला लावली आणि लाल चिंधी खोचायची विसरले.

"टोपी तरी काढली होती का?" मी विचारलं. टोपी म्हणजे घोड्याखाली बसते ती तांब्याची इवलीशी वाटी. तिच्यावर घोडा आपटला की बार उडाला.

"आठवत न्हाय."

'तू धुतलीस ना?' असं ह्यांनी विचारलंच न्हाय, पण ते तेव्हा माझ्या ध्यानातही आलं न्हाय. गप बसलो असतो तर महिन्याभरानं बंदूक घरी आली असती, कोणाला पत्ता लागला नसता. बोललो तर परवाना गेलाच. परवाना शेताच्या राखणीचा, आणि शेत राहिलंय कुठं म्हणून कचेरीत आधीच नाकं मुरडतात. सासऱ्यांची बंदूक ती. अख्ख्या गावात ह्यांना केसरीनाथ बंदूकवाला म्हणतात. ती गेली की हे नुसते म्हातारे. पण ठाण्यात कोणी उचलताना घोडा ओढला तर? कोणाच्या तरी लेकराचा बाप जायचा.

"मी न्हाय धुतली," मी म्हटलं. "चला."

हे आधीच चपला शोधत होते.

ठाण्यातला हवालदार हसला. "आजी, रिकामी म्हणून तर जमा केलीत." ह्यांनी चिंधी काढली आणि गज नळीत सोडला. रिकाम्या नळीत तो त्याच्यावरच्या खुणेपर्यंत आत जातो. आता चार बोटं वर राहिला. मग ह्यांनी अंगठ्यानं घोडा धरून हळूच उचलला, आणि मी खालची टोपी काढली. आई एकवीरे! हवालदाराचं हसू कुठल्या कुठं गेलं.

"काल झाडलोट करताना ह्याच बंदुका आम्ही एकावर एक रचल्या," तो म्हणाला. मग कागद ओढला. "चूक कोणाची?"

मी तोंड उघडलं, तेवढ्यात हे म्हणाले, "माझी. ठासणारा मी, धुणारा मी. बायकोला काय कळतंय बंदुकीतलं?"

चाळीस वर्षं गावभर सांगत फिरले, आमच्या हौसासारखी बंदूक कोणाला धुता येत न्हाय. आणि आज हे! असा राग आला मला, आणि डोळ्यांत पाणी पण आलं.

"काका, वर कळवावं लागेल. ही परत मिळेल असं वाटत नाही."

"जाऊ द्या," हे म्हणाले.

ह्यांनी गजाच्या टोकाला असलेल्या पेचानं बार उपसला. छर्रे आणि दारू कागदावर आली. मी समोरच्या चहावाल्याकडून उकळतं पाणी मागून आणलं. "आता कशाला, आजी?" हवालदार म्हणाला. मी बंदूक उचलून बाहेर आणली. अंगणात बसून चार पाणी केली, शेवटचं स्वच्छ निघेपर्यंत. बोटं ठणकत होती. चहावाल्याकडूनच चमचाभर तेल घेतलं, लावलं, तीच पांढरी चिंधी खोचली आणि बंदूक हवालदाराच्या हातात दिली.

रिक्षानं परतताना राहनाळ गाव मागं पडलं. मग माझा हात त्यांनी आपल्या मांडीवर घेतला, नाकाशी नेला.

"आज मात्र नीट धुतलीस."

मी वळून त्यांच्याकडे बघितलं.

"त्या दिवशी मोरीला वास न्हवता. कळलं होतं मला."

"मग बोलला का न्हाय?"

"काय बोलू? दमली होतीस गं तू."