तीन हिरवे

लालासाहेबांनी ट्रॅक्टरच्या सीटखालचा शेवटचा बोल्ट आवळला, पाना बाजूला ठेवला आणि सीटवर दोन बुक्क्या हाणून बघितल्या. हललं नाही. सांगलीहून थर्माकोलात गुंडाळून आलेली दोन पेडलं त्यांनी आधीच खालच्या फळीवर ठोकून बसवली होती. कंबर धरत ते उभे राहिले.

"बस आता. पाय पोचतात का बघ."

साक्षी बसली. उजव्या हाताला दांडा, डाव्या हाताला इंजिनाचा जोर कमीजास्त करायचा खटका, समोर पडदा. तिनं पाय पेडलांवर ठेवले आणि हसली.

"पोचतात, आबा. लय बेस झालं."

"बेस झालं खरं," संयोगिताबाई दारातून म्हणाल्या. "पर तिकडं रानात ट्रॅक्टर बिनसीटचा उभा हाय. त्याच्यावर आता पाट टाकून बसणार का तुमी?"

लालासाहेबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. सुभेदार म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला बायकोचे टोमणे झेलायची कवायत कुणी शिकवत नाही, ती ज्याची त्यानं शिकायची असते.

साक्षी हवाई दलाची लेखी परीक्षा पास झाली होती. पाच आठवड्यांनी म्हैसूरला पाच दिवसांची परीक्षा होती, त्यातच वैमानिकांची यंत्रावरची चाचणी. ती चाचणी जन्मात एकदाच देता येते. नापास झालं की कितीही डोकं आपटा, दुसरी संधी नाही. म्हणून मग सांगलीच्या शाहनवाजकडून हा कॉम्प्युटर जोडून आणला. शाहनवाजचं कॉम्प्युटरचं दुकान, आणि स्वतः त्याला या लढाऊ विमानांच्या खेळाचं भयंकर वेड. "काका, याला खेळ म्हणू नका," असं त्यानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "खऱ्या विमानात जेवढी बटनं, तेवढी यात. एक चुकलं तर इंजिन चालू व्हायचं नाही."

आणि खरोखरच होत नव्हतं. नुसतं इंजिन चालू करायला एकेचाळीस खटके, तेही ठरल्या क्रमानं. पहिले आठ दिवस विमान जागचं हललं नाही.

"आमची म्हस पण ह्याच्यापरास लवकर उठती," लालासाहेब म्हणायचे.

पण मनातून त्यांना या कामाची गोडी लागली होती. दोनशे पानी वहीत त्यांनी एकेचाळीसच्या एकेचाळीस खटके मराठीत उतरवून घेतले, आणि रोज दुपारी जेवणं झाली की लेकीशेजारी लोखंडी स्टूल टाकून ते वही उघडायचे. फौजेतली एक रीत त्यांनी तिला पहिल्याच दिवशी घालून दिली. एकानं बघायचं आणि मोठ्यानं बोलायचं. दुसऱ्यानं स्वतःच्या डोळ्यानं बघून तेच परत बोलायचं. दोघांचं जुळलं तरच पाऊल पुढं.

"आणि दुसऱ्यानं न बघताच म्हटलं तर?" साक्षीनं विचारलं होतं.

"न बघता म्हणायचं न्हाई," लालासाहेब म्हणाले, आणि उगाच वहीचं पान उलटलं.

पंधराव्या दिवशी विमान उडालं. अठराव्या दिवशी उतरलंही, तिन्ही चाकांवर, जरा उड्या मारत. त्या दिवशी संयोगिताबाईंनी शिरा केला. गल्लीत दोन घरी पाठवला, आणि पोरगी विमान चालवायला शिकली म्हणून सांगितलं. आता ते कुठलं विमान, हे विचारायला कुणी गेलं नाही.

घात झाला तो विसाव्या दिवशी.

शाहनवाज सांगलीहून स्वतःच्या पडद्यावर साक्षीचं विमान बघत होता. त्याचा आवाज स्पीकरमधून येत होता. दुपारचे तीन वाजले होते. धावपट्टी समोर दिसायला लागली.

"चाकं?" लालासाहेबांनी वहीतून वाचलं.

"खाली. तीन हिरवे."

पडद्यातल्या विमानाच्या फळ्यावर तीन बारके दिवे होते, तीन चाकांचे तीन. चाक उतरून कुलूप बसलं की हिरवा, बसलं नाही तर तोच दिवा लाल. लालासाहेबांनी मान पुढं काढली. तीन दिवे पेटलेले होते.

"तीन हिरवे," ते म्हणाले.

विमान टेकलं, डावीकडं कललं, पंख जमिनीला घासला आणि पडदाभर आग झाली.

"अरेच्चा," स्पीकरमधून शाहनवाज म्हणाला. "साक्षी, डावं चाक मीच बिघडवून ठेवलं होतं, बघू लक्ष जातंय का म्हणून. डावा दिवा लाल होता की. तू पुन्हा वर घ्यायला पाहिजे होतंस."

"लाल नव्हता," साक्षी म्हणाली.

"होता. रेकॉर्डिंग लावतो, थांब."

त्यानं तेवढाच तुकडा पुन्हा लावला आणि चित्र थांबवलं. तीन दिवे. साक्षी पडद्याला नाक लावून बघत राहिली. संयोगिताबाई चहा घेऊन आल्या होत्या. विमानातलं त्यांना ओ का ठो कळत नव्हतं.

"कुठला बघताय?" त्या म्हणाल्या. "ह्यो डावीकडचा लाल हाय, त्यो व्हय?"

"काका, तुम्हीपण बघितला होता ना?" शाहनवाजनं विचारलं. लालासाहेबांनी चहाचा कप घेतला आणि तो तोंडाला न लावता तसाच हातात धरून बसले.

त्यांना तिन्ही दिवे अजूनही सारखेच दिसत होते. ते का, हे या घरात, या गावात, जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. ठाऊक असणारा एक होता, त्यांचा चुलता जोतीराम, आणि तो मरून बारा वर्षं झाली होती.

लालासाहेबांना लाल आणि हिरवा वेगळा दिसत नसे. लहानपणी मिरच्या खुडताना हे पहिल्यांदा जोतीरामच्या ध्यानात आलं. घरातले चौघं फौजेत, हा पाचवा मागं राहिला तर गावात तोंड दाखवायला जागा नाही. भरतीच्या आधी पंधरा दिवस जोतीरामनं त्याला घराच्या पुढच्या सोप्यात समोर बसवलं. भरतीच्या डॉक्टरकडं रंगीत ठिपक्यांची एक वही असते, ठिपक्यांत आकडे लपलेले असतात. जोतीरामनं ते आकडे कुठून तरी मिळवले होते. "मी म्हणतो, माझ्या मागं म्हण," तो म्हणायचा. बारा. आठ. सहा. एकोणतीस. सत्तावन्न. पाढ्यासारखं पाठ झालं. डॉक्टरनं पहिल्या पानापासून वही उलटली, आणि लालासाहेब फौजेत गेले.

चोवीस वर्षं निभावलं. सिद्धूचं सोडलं तर.

सिद्धू शिराळ्याचा, लहानपणी नागाला हात घालणारा, कशाला न भिणारा. सरहद्दीवरच्या एका टेकडीवर संध्याकाळी दोघांना पहाऱ्यावरून उतरायचं होतं. खालून बत्ती दाखवायची रीत होती. हिरवी म्हणजे वाट साफ आहे, या. लाल म्हणजे सुरुंग अजून काढलेले नाहीत, जागचे हलू नका. सिद्धू बुटाची नाडी बांधत होता. मान वर न करताच त्यानं विचारलं, "रंग कुठला रं?" लालासाहेबांना थंडी लय लागली होती आणि खाली चहा होता. ते म्हणाले, "हिरवा." "हिरवा," सिद्धू म्हणाला, न बघता, आणि पुढं झाला.

चौकशीत कुणी काही विचारलं नाही. सुरुंग फुटतात, माणसं मरतात. दर नागपंचमीला लालासाहेब शिराळ्याला जातात. सिद्धूची आई चंद्राबाई त्यांना पुरणाची दिंडं करून वाढते आणि म्हणते, "शेवटपातूर तू हुतास त्याच्याजवळ, त्येवढंच बरं वाटतं बाबा." आणि लालासाहेब ती दिंडं खातात. माणूस काय काय गिळू शकतो, त्याला हिशेब नाही.

लग्न झालं, मुलगी झाली, तेव्हा ते मनातल्या मनात देवीपुढं नारळ फोडून मोकळे झाले होते. छावणीतल्या एका डॉक्टरला त्यांनी दुसऱ्याचं म्हणून विचारलं होतं, आणि तो म्हणाला होता, हे पोरांत दिसतं, पोरींत सहसा नाही. सहसा या शब्दावर बावीस वर्षं त्यांना शांत झोप लागली होती.

त्या दिवसानंतर साक्षी गप्प गप्प राहायला लागली. दुपारी विमानावर बसायची, पण दिव्यांकडं बघायची वेळ आली की हात थांबायचा. एकदा तिनं आईला दोन टोमॅटो दाखवून "ह्यातला पिकलेला कुठला गं?" असं सहज विचारल्यासारखं विचारलं. लालासाहेब ओसरीवर पेपर वाचत होते. पेपर त्यांनी तोंडासमोर धरला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला. हा प्रश्न त्यांनी लग्नानंतर कितीदा विचारला होता, त्याची गणतीच नव्हती. बायकोला वाटायचं, नवरा लाडात आलाय.

बुधवारी साक्षी सांगलीला जाऊन आली. शाहनवाजकडून एक वायर आणायची होती म्हणाली. आली ती रिकाम्या हातानं. लालासाहेबांनी वायर कुठं आहे म्हणून विचारलं नाही. विचारलं असतं तर काय ऐकावं लागलं असतं, याची त्यांना भीती वाटली, आणि भ्यालेल्या माणसानं गप्प बसावं हे ते फौजेतच शिकले होते.

रविवारी सकाळी संयोगिताबाई औंधला यमाईच्या दर्शनाला गेल्या, लेकीचं काम होऊ दे म्हणून. घरात दोघंच. लालासाहेब विमानाच्या खोलीत आले तेव्हा पडदा काळा होता आणि साक्षी ट्रॅक्टरच्या सीटवर नुसतीच बसली होती, पाय पेडलांवर ठेवून.

"आबा, इकडं या जरा. ह्येच्यात काय दिसतं सांगा."

तिनं मोबाईल पुढं केला. त्यावर ठिपके होते. लालासाहेबांनी ते ठिपके चौतीस वर्षांनी बघितले. जीभ आपली आपण चालायला लागली.

"बारा," ते म्हणाले.

साक्षीनं बोटानं चित्र सरकवलं.

"आठ."

पुन्हा सरकवलं.

"सहा. एकोणतीस. सत्तावन्न. पाच." अडखळले नाहीत. आवाजही खणखणीत होता. सहा चित्रं झाल्यावर साक्षीनं मोबाईल मांडीवर ठेवला.

"आबा, मी ती उलटीपालटी लावली हुती," ती हळू म्हणाली. "पहिलं पंचेचाळीसाचं हुतं. बाराचं तर मी घेतलंच न्हाई."

लालासाहेबांनी मोबाईलवरची नजर काढून दाराकडं नेली.

"सांगलीला डोळ्यांच्या डॉक्टरकडं गेलते," साक्षी म्हणाली. "मला दिसत न्हाई. डॉक्टर म्हणाले, पोरीला हे व्हायचं तर आईकडनं बी यायला लागतं आणि बापाला तर असायलाच लागतं. मी म्हणाले, माझे वडील चोवीस वर्षं फौजेत हुते. ते म्हणाले, मग घरी जाऊन विचार."

लालासाहेब स्टुलावर बसले. आता ही चिडेल, रडेल, आपल्याला खोटारडा म्हणेल, असं त्यांना वाटलं. म्हणावं, असंही वाटलं. पण साक्षी खुर्ची वळवावी तशी सीटवरच त्यांच्याकडं वळून बसली, आणि तिच्या तोंडावर राग नव्हता. आशा होती. ती बघून लालासाहेब खरे घाबरले.

"म्हणजे पाठ करता येतं," ती म्हणाली. "तुमाला आजून पाठ हाय. तुमचं कुणाला कळलं न्हाई, निभावलं. माझं बी निभंल. बाकी सगळं मला येतंय, आबा. दिवेच तेवढे."

"दिवेच तेवढे," लालासाहेब म्हणाले.

"वीस दिवसांत एकच चूक झाली ना? ती बी मुद्दाम घातलेली. खऱ्यात दोघं असतात बघायला. एक चुकला तर दुसरा बघतो."

लालासाहेब तिच्याकडं बघत राहिले. बावीस वर्षांची पोर. मेला तेव्हाच्या सिद्धूपेक्षा एक वर्षानं लहान.

"शिकवा मला," ती म्हणाली. "अजून नऊ दिवस हायेत. क्रमानं पाठ करू, मग उलटसुलट. लहानपणी पाढे घ्यायचा तसं. तुमी म्हणा, मी मागं म्हणते."

आणि तिनं खरंच डोळे मिटले, हात मांडीवर ठेवले, पहिलीतल्यासारखे. खोलीत उन्हाचा एक पट्टा आला होता, पेडलांपर्यंत. लालासाहेबांना सोपा आठवला, समोर बसलेला जोतीराम आठवला. त्यानं तरी काय वाईट चिंतलं होतं. पुतण्या फौजेत जावा एवढंच.

"बारा," लालासाहेब म्हणाले.

"बारा."

"आठ."

"आठ."

"सहा."

"सहा."

"एकोणतीस."

"एकोणतीस."

लालासाहेब थांबले. पुढचा आकडा जिभेवर आला होता. तो त्यांनी गिळला.

"तेवीस."

"तेवीस," साक्षी म्हणाली, आणि तिनं डोळे उघडले. "तेवीस त्याच्यात कुठंच न्हाई, आबा. मी सगळी उत्तरं बघितल्यात."

"न्हाई."

"मग?"

"सिद्धूचं वय हाय," लालासाहेब म्हणाले. "शिराळ्याचा सिद्धू. त्यानं मला इचारलं, रंग कुठला रं. मी म्हणालो, हिरवा. तो बी म्हणाला, हिरवा. माझ्या मागं."

नागपंचमीची शिराळ्याची वारी, दिंडं खाऊन आल्यावर दोन दिवस न बोलणारा बाप, हे सगळं साक्षीनं लहानपणापासून बघितलेलं होतं. तिनं पेडलांवरचे पाय काढले आणि खाली फरशीवर टेकवले.