वाढत्या अंगाचा कार्बोरेटर

हिरामणच्या घरात मापाचा कपडा कधी शिवलाच नाही. शिंप्यापुढे पोराला उभं केलं की त्याची आई एकच सांगायची, "वाढत्या अंगाचा शिव." त्या तालावर शिवलेला लग्नातला कोट हिरामण चौतिसाव्या वर्षीही बाह्या दुमडून घालत होता. अंग वाढलं होतं, पण सगळं पोटाकडे. तरी मोठं ते चांगलं, हा त्याचा विश्वास काही ढळला नाही. आता तो स्वतःच सांगतो, "कोटानं शिकवलं नाय ते गाडीनं शिकवलं, आन् तेबी चारचौघांत."

गाडी म्हणजे कापडी टपाची, चार सिलिंडरची जुनी मोटार. कर्जत ते खोपोली तिच्यातून तो उतारू न्यायचा. दुसरं महायुद्ध संपलं त्या वर्षी गाडीला जोर यावा म्हणून त्याने मुंबईला नेऊन सिलिंडर बोअर करून, म्हणजे आतून कोरून रुंद करून घेतले, मोठे पिस्टन घातले. एवढ्यावर थांबता तर शहाणा ठरला असता. पण कल्याणकडे लष्करी मालाचा लिलाव झाला आणि गडी तिथून सहा सिलिंडरच्या ट्रकचा, इंजिनाला हवा-पेट्रोल मिसळून पाजणारा कार्बोरेटर उचलून घेऊन आला. त्याच्या नळीत आख्खं लिंबू बसलं असतं.

कर्जतच्या इंजिन शेडमधून निवृत्त झालेले येसाजीकाका फिटर पारखी माणूस. त्यांनी कार्बोरेटर उलटासुलटा करून पाहिला आणि खाली ठेवला.

"आरं हिरामण, हवा जोरात गेली तरच ती पेट्रोल खेचते. नळी अशी रुंद केलीस की हवा पडंल मंद. पळताना चालंल, पर हळू चालवलीस की गुदमरंल बघ. जुनाच ठेव, आतला जेट, पेट्रोल येतं ती बारीक तोटी, जरासा मोठा घाल."

"काका, मोठा असला की बरा. वाढत्या अंगाचा."

"इंजिन काय पोर हाय का रं वाढायला?"

हिरामण हसला. म्हातारा जुन्या काळातला, त्याला काय कळतंय, असं त्याला वाटलं. हे आठवलं की आजही तो स्वतःच्या कानाला हात लावतो.

जुन्या कार्बोरेटरची भोकं आणि नव्याची भोकं जुळेनात, तेव्हा त्याने मध्ये लोखंडी पट्टी घालून नवा बसवला आणि बायकोला, विमलबाईला, म्हणाला, "त्यो जुना भंगारात टाक."

घरात लग्नही निघालं होतं. हिरामणची धाकटी बहीण शकू खालापूरच्या गजाला दिली होती. शकूचं आणि गाडीचं नातं जुनं. दहाव्या वर्षापासून रोज सकाळी गाडीला धक्का मारायला तीच, आणि घासलेटने कार्बोरेटर धुवायलाही तीच. लग्न ठरल्यावर तिने भावाकडे साडी मागितली नाही की दागिना मागितला नाही.

"दादा, वरातीला मी गाडीत बसून जानार. त्या दिवशी उतरनार नाय आन् ढकलनार तर नायच."

"विमानासारखी नेतो तुला!" हिरामण म्हणाला.

पळसदरीच्या पुढच्या सपाट रस्त्यावर त्याने गाडी पळवून पाहिली आणि ती खरोखरच सुसाट गेली. हळू चालवून बघायचं मात्र त्याच्या डोक्यातच आलं नाही.

लग्न लागलं, जेवणं झाली आणि उन्हं कलायच्या आत गाडी निघाली. मागे नवरानवरी, पुढे विमलबाई, पायाशी शकूची पत्र्याची पेटी. खालापूरच्या वेशीपर्यंत हिरामण राजासारखा आला. वेशीवर शकूचे सासरे धाकलूबाबा वाजंत्री घेऊन उभे होते. सनई सुरू झाली, ताशा लागला आणि वरात चालू लागली.

आता वरात ती. ती पायापायानेच चालणार.

हिरामणने वेग कमी केला तशी गाडीला उचकी लागली. त्याने पेट्रोल दिलं, तर तिने उसासा टाकला, फाटकन बार काढला आणि काळा धूर सोडून बंद पडली. ताशेवाला हातभर उडाला. पुन्हा सुरू केली, दहा पावलं गेली, पुन्हा बंद. तिसऱ्या खेपेला बॅटरीनेही मान टाकली.

"पेट्रोल भेसळीचं हाय," हिरामण घाम पुसत म्हणाला.

"आसंल बा," धाकलूबाबा मिशीत हसले. "बैलं जुपू का, पावनं?"

लोक खो खो हसले. हिरामणने मागे पाहिलं. शकूने दार उघडून एक पाय खाली टाकला होता. हातात हिरवा चुडा, डोक्याला मुंडावळ्या, आणि गाडी थांबली म्हणून पोर सवयीने ढकलायला उतरत होती.

"बस गं! उतरू नको!" तो ओरडला. मग धाकलूबाबांकडे वळला. आयुष्यात एवढी लाज त्याला कधी वाटली नव्हती. "पेट्रोल चांगलं हाय, बाबा. माझीच अक्कल भेसळीची. छोट्या इंजिनाला मोठा कार्बेटर घातला. येसाजीकाका सांगत व्हते, ऐकलं नाय. जुना असता तर आता बसवला असता, पर त्योबी मीच भंगारात टाकायला लावला."

शकूने पाय आत घेतला. मग म्हणाली, "वहिनी, माझी पेटी उघड."

साड्यांच्या घडीत जुन्या फडक्यात गुंडाळलेला कार्बोरेटर निघाला. घासलेटने धुऊन लख्ख केलेला.

"तू वहिनीला भंगारात टाक म्हनलास, दादा. मी म्हनलं, माहेरचं कायतरी असावं आपल्यापाशी."

हिरामणने कोटाच्या बाह्या आणखी दोन घड्या वर सारल्या आणि पाना हातात घेतला. वाजंत्र्यांनी तोवर विड्या ओढल्या. अर्ध्या तासात जुना कार्बोरेटर आपल्या जागी बसला.

बॅटरी मेलेलीच होती, त्यामुळे धक्का हवाच होता. नवरदेव गजा मुंडावळ्यांसकट उतरला. धाकलूबाबांनी धोतर खोचलं. ताशेवाल्यानेही खांदा लावला. सगळं सासर गाडी ढकलत होतं आणि शकू एकटी मागे ताठ बसून होती. इंजिन सुरू झालं आणि सनईच्या मागून गाडी दारापर्यंत पायापायाने, एकदाही न अडखळता गेली.

निघताना हिरामण म्हणाला, "तुझा कार्बेटर मीच परत घेऊन चाललो गं. ह्या मोठ्याला आता हिरीत टाकतो."

"दे इकडं." शकूने तो मोठा कार्बोरेटर त्याच्या हातातून ओढून घेतला आणि पेटीत जुन्याच्या रिकाम्या जागी ठेवला. ओठ हसत होते, पण डोळ्यांना धार लागली होती. "राहू दे माझ्यापाशी. वाढत्या अंगाचा हाय ना? होईल माझ्या पोराला."

कर्जतपर्यंत गाडी छान चालली. हिरामणला मात्र वाटेत दोनदा थांबून डोळे पुसावे लागले.