पुन्हा काढलेली अक्षरं

पाटीवाल्याने कॉम्प्युटर सुरू केला की घरातले दिवे क्षणभर मंदावत. दुकानांच्या पाट्यांची अक्षरं तो त्यावर रेखायचा आणि शेजारचं मशीन ती कापायचं. कॉम्प्युटर जुना झाला होता, घरघरायचा, खोली भट्टीसारखी तापवायचा. पण त्यावर हात बसला होता.

आईचा दम वाढला आणि घरात विजेवर चालणारं ऑक्सिजनचं यंत्र आलं, अडीअडचणीला एक सिलेंडरही. एका दुपारी दोन्ही एकदम चालू असताना मीटरचा खटका पडून वीज गेली. घर एकदम गप्प झालं. पाटीवाला आतल्या खोलीत धावला. आई पलंगाची कड घट्ट धरून बसली होती. त्याने सिलेंडरची नळी तिच्या नाकाला लावली. जरा सावरल्यावर ती म्हणाली, "तुझा तो खादाड डबा माझ्या तोंडचा घास पळवतो की रे!"

त्याला हसू आलं नाही.

खटका वर केल्यावर वीज आली, पण कॉम्प्युटर सुरू होईना. दुरुस्तीवाल्याने तो उघडून पाहिला. "जीव आहे अजून. एक भाग बदलला की चालेल. वीज मात्र तेवढीच खाणार."

"आणि नवा घेतला तर?"

"तो चिमूटभर विजेवर चालेल. पण हा जुना प्रोग्रॅम त्यावर चालायचा नाही. तुमची अक्षरं त्यात उघडणार नाहीत."

इतक्या वर्षांची मेहनत! पाटीवाला उघड्या डब्याकडे बघत राहिला. बायको म्हणाली, "अहो, अक्षरं तुमच्या हातात आहेत की या डब्यात?"

"बोलायला काय जातं तुझं!" तो खेकसला. मग आतल्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिला. आईला नुकती झोप लागली होती. परत येऊन तो दुरुस्तीवाल्याला हळू आवाजात म्हणाला, "नवाच आणा."

मग नव्या कॉम्प्युटरवर अक्षरं पुन्हा काढता यावीत म्हणून तो बाजारात फिरून आपल्याच पाट्यांचे फोटो काढू लागला. चपलांच्या दुकानाच्या पाटीखाली मान वर करून उभा असताना दुकानदार बाहेर आला.

"काय हो, पाटी उतरवायला आलात की काय?"

या पाटीखालून तो रोज जायचा, पण लावल्यापासून तिच्याकडे कधी नीट पाहिलंच नव्हतं. दोन अक्षरं एकमेकांना उगाच खेटून बसली होती.

"चुकलंय काही?" दुकानदाराने विचारलं.

"चूक नाही म्हणता येणार. पण आता असं काढणार नाही."

"मग मलाही नवीन करून द्या!"

"देतो," पाटीवाला म्हणाला. "आधी मला नीट जमू द्या."