जड खोलीतला घडा

शिंपिणीने सुई दातात धरली, कात्री कानाशेजारी हवेत ठेवून दिली आणि लेकीचा पाय आपल्या मांडीवर ओढला. बुटाच्या तळाशी कापसाचा सातवा थर घालायचा राहिला होता, आणि लेक काही स्वस्थ बसायला तयार नव्हती.

"आई, आटप ना! लोक जमलेसुद्धा असतील."

"जमू देत. अनवाणी चालणार आहेस का? चार पावलांत टाच सोलून निघेल."

लेकीला सगळं गाव भिंगरी म्हणायचं आणि ते उगीच नव्हतं. वय वर्षं एकोणीस, पण दोन मिनिटं एका जागी बसली तर आई कपाळाला हात लावून ताप बघायची. आज तर विचारूच नका. आज तिची जड खोलीतली परीक्षा होती. पास झाली तर उद्या ती अशा ठिकाणी जाणार होती, जिथे सात पिढ्यांत कोणी पाऊल ठेवलं नव्हतं.

त्या जादूच्या मुलखात सोडलेली वस्तू खाली जात नसे. जिथे सोडाल तिथेच राही. पूर्वज नव्याने तिथे आले तेव्हा म्हणे पहिले काही महिने नुसते हसत होते. पेला सोडायचा आणि बघत बसायचं. मग त्याची सवय झाली आणि हळूहळू ती सवय अंगात उतरली. फळी, खुंटी, टेबल ही नावं जुन्या वहीत तेवढी उरली. ज्या पायांना भार माहीत नाही ते पाय कशाला जाड होतील? पोटऱ्या मनगटाएवढ्या बारीक झाल्या, टाचा तान्ह्या बाळाच्या गालासारख्या मऊ. लोक अजूनही प्रेमात पडत, कामं अजूनही अंगावर पडत. पण वस्तू पडते म्हणजे नेमकं काय होतं असं विचारलं, की भलेभले डोकं खाजवत.

भिंगरीचे बाबा न्हावी. कापलेले केस दुकानभर तरंगत राहत आणि ते जाळीने गोळा करता करता त्यांचा अर्धा दिवस जाई. त्या दिवशी त्यांनी दुकान उघडलंच नव्हतं. ते दारात उभे राहून एकच गोष्ट चौथ्यांदा सांगत होते.

"घडा दोन्ही हातांनी धर हं. दोन्ही."

"बाबा, तिसरा हात कुठून आणू?"

"हसण्यावारी नेऊ नकोस. सुताराचं काय झालं ते पाहिलंस ना?"

सुताराचं झालं ते सगळ्या गावाने पाहिलं होतं.

गावाच्या टोकाला जड खोली होती. तिच्या उंबरठ्याशी जादू संपायची. पूर्वज याच खोलीतून आले, आणि आल्यावर पलीकडच्या भिंतीतल्या दाराला कडी घालून मोकळे झाले. पन्नास दिवसांपूर्वी त्या दारावर पलीकडून थाप ऐकू आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग रोज, सकाळी तीन थापा. गावात नुसता कल्लोळ! कोण असेल? काय हवं असेल? आपल्यासारखंच दिसत असेल का? म्हातारी माणसंसुद्धा लहान मुलांसारखी त्या उंबरठ्याशी गर्दी करू लागली. शेवटी पंचांनी ठरवलं की दार उघडायचं. आपलं एक माणूस पलीकडे जाईल, बघेल, बोलेल. पण पलीकडे सगळंच जड. म्हणून जो पाण्याने भरलेला घडा वीस पावलं नेऊन दारापाशी शाबूत ठेवील, तोच जाईल. तीन जणांना संधी मिळेल. तिघंही हरले तर दारापुढे भिंत बांधायची.

शाळेतल्या गुरुजींचे गुडघे सहाव्या पावलाला दुमडले. सुतार नवव्या पावलाला घड्यासकट आडवा झाला. तिसरी भिंगरी, आणि तिच्यानंतर कोणी नव्हतं.

शिंपिणीने दोरा तोडला. पोरीने जिंकावं असं तिला मनापासून वाटत होतं. पोरीने घरीच राहावं असंही तिला तितकंच वाटत होतं. रात्रभर या दोन्ही गोष्टी तिने आळीपाळीने मागून पाहिल्या होत्या.

"झालं," ती म्हणाली. "चल."

उमेदवाराबरोबर घरचं एक माणूस आत असलंच पाहिजे, असा मास्तरांचा नियम होता. मास्तर म्हणजे जड खोलीचे राखणदार. हातात वही, कानावर पेन्सिल आणि चेहऱ्यावर कायम दाढदुखी. बाबांना आतल्या हवेने पहिल्याच दिवशी भोवळ आली, म्हणून ते काम आईकडे आलं. बेचाळीस दिवस मायलेकी रोज सकाळी सरावाला गेल्या. पहिल्या दिवशी दोघी पालथ्या पडल्या त्या उठल्याच नाहीत. दोरीने ओढून बाहेर काढावं लागलं. डोक्यावर, खांद्यांवर, पापण्यांवरसुद्धा भार. भिंगरीला रडू फुटलं, आणि थेंब गालावरून घरंगळायला लागले तशी ती रडायचं विसरून ओरडली, "आई, हे खाली का चाललंय?"

दहाव्या दिवशी भिंगरी उभी राहिली. विसाव्या दिवशी चालली. मास्तर तिचं प्रत्येक पाऊल वहीत लिहीत. भिंतीकडेला उभ्या असलेल्या आईकडे कोणाचं लक्ष नव्हतं, आणि तिलाही ते बरंच वाटत होतं. कारण तिला त्या खोलीत मजा येऊ लागली होती. हे सांगायचं कोणाला? पोरगी घामाघूम झालेली, आणि आई कोपऱ्यातली पाण्याची बादली उगीचच उचलून पाहतेय, खाली ठेवतेय, पुन्हा उचलतेय! बादली खाली टेकली की ठक्क असा आवाज यायचा. तो तिला फार आवडायचा. संध्याकाळी शिवायला बसलं की पोटऱ्या ठणकायच्या, आणि आपल्याला पोटऱ्या आहेत हे तिला सेहेचाळिसाव्या वर्षी कळत होतं. टाचा खरखरीत झाल्या होत्या. नवऱ्याला दिसू नयेत म्हणून ती घरातही मोजे घालायला लागली.

त्या सकाळी उंबरठ्याबाहेर सगळं गाव लोटलं होतं. मागच्यांना दिसावं म्हणून पुढची पोरं हवेत आडवी झाली होती. मास्तरांनी वही उघडली.

"उमेदवार तयार?"

"कधीची!" भिंगरी म्हणाली.

ती आत गेली. घडा जमिनीवर होता. तिने गुडघे वाकवले, दोन्ही हातांनी कवेत घेतला आणि उठली. पाणी आत डुचमळलं. आई भिंतीच्या कडेकडेने तिच्या बरोबरीने चालू लागली. हात लावायला मनाई होती.

"एक," मास्तर म्हणाले. "दोन."

सहाव्या पावलाला बाहेर गुरुजींनी मान उंचावली. सहावं गेलं. नववं गेलं आणि सुतारानेच पहिली आरोळी ठोकली. मग काय, लोक मास्तरांच्या बरोबरीने मोजायला लागले. अकरा! बारा! भिंगरीच्या मानेवरच्या शिरा ताठ झाल्या होत्या, बूट फरफटत होते. चौदाव्या पावलाला ती डावीकडे कलली. ती सावरली. बाबा बाहेरून ओरडत होते, "दोन्ही हात! दोन्ही हात!" सतरा! अठरा! शिंपीण पोरीला घरी ठेवायचं साफ विसरली होती. तीही मोठ्याने मोजत होती, आणि मुठी आवळून एकेक पाऊल स्वतःच टाकत होती.

"वीस!"

भिंगरीचा खांदा दाराला लागला. बाहेर असा काही गलका उठला की मास्तरांची पेन्सिल कानावरून सटकली. भिंगरीने मागे वळून पाहिलं. सगळं गाव नाचत होतं, बाबा रडत होते. तिचा चेहरा आनंदाने फुलून आला. त्यांना हात करायला हवा होता आणि हात तर अडकलेले. म्हणून आयुष्यभर प्रत्येक वस्तू जिथे ठेवली होती तिथेच तिने घडा ठेवला. हवेत. आणि दोन्ही हात वर केले.

शिंपिणीने विचार केला नाही. विचार करायला वेळच नव्हता. ती कमरेत वाकली, हात पुढे गेले आणि घडा जमिनीपासून वीतभर वर तिच्या तळव्यांत येऊन बसला. थोडं पाणी तिच्या पायांवर सांडलं.

गलका थांबला. आपण काय पाहिलं हे कोणालाच कळेना. वस्तू खाली जाताना त्यांनी क्वचित पाहिली होती. पण ती मध्येच कोणी घेतल्याचं बघणं सोडा, ऐकलंसुद्धा नव्हतं.

"बाई," मास्तर हळूच म्हणाले, "हे काय केलंत?"

"काय केलं?"

"ते... घडा चालला होता. तुम्ही त्याला वाटेत गाठलंत."

शिंपिणीने घडा खाली ठेवला. ठक्क. मास्तर काठी टेकत टेकत आत आले. त्यांनी खिशातून खडूचा तुकडा काढला, तिच्यासमोर उंच धरला आणि सोडला. खडू तिच्या मुठीत होता. त्यांनी दुसरा काढला आणि बाजूला भिरकावला. तोही. बाहेर कोणीतरी "अगं बाई!" म्हणालं. शिंपीण आपल्या तळव्यांकडे बघत होती. तिच्या छातीत नुसती धडधड चालली होती, आणि ती भीतीची नव्हती.

मास्तरांनी वही चाळली. पानंच्या पानं भिंगरीच्या पावलांची होती.

"बेचाळीस दिवस," ते स्वतःशीच म्हणाले. "खोलीत माणसं दोन होती, आणि आम्ही एकच मोजत बसलो."

"म्हणजे मी..." भिंगरी भिंतीला धरून खाली बसली. "मी नापास?"

"उमेदवाराने घडा सोडला, पोरी. तिकडे कोणी हातात काही दिलं, आणि ते असंच सोडलंस तर?" मास्तरांचा आवाज मऊ झाला होता. मग ते आईकडे वळले. "पण घडा दारापाशी शाबूत आहे. बाई, तुम्ही जाल का?"

"ती?" बाबा उंबरठ्यावरून ओरडले. "अहो मास्तर, तिला कुठे..." आणि बायकोच्या तोंडाकडे बघून त्यांचं वाक्य तिथेच राहिलं.

नाही म्हणायला शिंपिणीकडे हवी तेवढी कारणं होती. दोन झगे अर्धवट शिवून पडले होते. नवऱ्याला घरातली एक वस्तू वेळेवर सापडत नव्हती. पोरीचं मन मोडलं होतं आणि आईने तिच्याजवळ बसायला हवं होतं. ही सगळी कारणं तिने जिभेवर आणली आणि तोंड उघडलं.

"कधी?" ती म्हणाली.

"उद्या सकाळी. तुम्ही आवराआवर करा, नीट विश्रांती..."

"उद्या कशाला?"

मास्तरांनी वही मिटली. भिंगरी खालून आईकडे टक लावून पाहत होती. सुईत दोरा ओवणारी, ताप बघणारी, चल चल म्हणणारी ही बाई आत्ता पहिल्यांदाच भेटावी तशी ती बघत होती.

"आई, तुला जायचं होतं?" तिने विचारलं. आवाजात रुसवा होता, पण रुसव्याहून नवल जास्त होतं.

"मलाच कुठे माहीत होतं गं," शिंपीण म्हणाली, आणि तिने दाराच्या कडीला हात घातला.