गोदावरीबाईंची सही

"सगळं करून ठेवलंय." वसंतरावांच्या तोंडून हे वाक्य श्रद्धानं गेल्या सहा महिन्यांत इतक्यांदा ऐकलं होतं, की आता ते कानावर पडलं की तिचं डोकंच फिरायचं. नांदेडहून रजा टाकून यायचं, एसटीत हाडं खिळखिळी करून लातूरला उतरायचं, आणि वडिलांनी पेपर खाली न करता हेच ऐकवायचं. म्हणे निवृत्त मुख्याध्यापक! आजचं काम उद्यावर टाकू नये हे जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांना शिकवलं, आणि स्वतःच्या घरात आनंदीआनंद.

"अण्णा, वारसाचं नाव लावायचा एक कागद आहे. एकच!"

"मी काय एवढ्यात मरून राहिलो का?"

"स्टेंट टाकून दोन महिने झालेत तुम्हाला."

"मग? खातं दोघांच्या नावावर हाय, एफडी दोघांच्या नावावर. दोघांतलं कुणीबी काढू शकतं. माझं काही झालं तर तुझी आई मालकीण. सगळं करून ठेवलंय."

शेजारचे शरणप्पाही असंच म्हणायचे. ते गेले, आणि त्यांच्या बायकोच्या चपला दीड वर्षं बँकेच्या पायऱ्यांवर झिजल्या. आईवर ती पाळी येऊ द्यायची नाही, एवढंच श्रद्धाला हवं होतं. भाऊ यज्ञेश पुण्यातून "ताई, तू बघ गं" म्हणून मोकळा झाला होता. बघायला ताई आहेच.

शेवटी वसंतराव वैतागले. "आण तो फॉर्म. दोघांच्या सह्या करून देतो अन् तूच नेऊन टाक."

"नाही. दोघांनी यायचं. आईनं बँक बघायला नको?"

"तिला उन्हाचं कशाला ओढतीस? तिला काय कळतंय त्यातलं?"

ते एकदम इतके का भडकले, हे श्रद्धाला कळलं नाही. तोवर गोदावरीबाई लुगडं बदलून दारात उभ्या होत्या. "चला की. दोघांचं खातं हाय म्हणून लई वर्षं ऐकून राहिले. एकदा बघू तरी."

बँकेत राजशेखर नावाचा तरुण अधिकारी होता. अदबीनं उठून त्यानं खुर्च्या दिल्या, फॉर्म पुढं केला. वसंतरावांनी आपली सही ठोकली, आणि फॉर्म तसाच स्वतःपुढं ठेवून दुसऱ्या रकान्यावर पेन टेकवलं.

"सर, ही मावशींनी करायची," राजशेखर म्हणाला.

पेन थांबलं. गोदावरीबाईंनी मात्र सहज डावा अंगठा पुढं केला आणि टेबलावर शाईचा पॅड शोधू लागल्या.

राजशेखरनं स्क्रीनकडं पाहिलं. "मावशी, तुमची तर इथं सही आहे."

"माझी?"

त्यानं स्क्रीन वळवला. 'सौ. गोदावरी'. टपोरं, वळणदार अक्षर, 'री'ची वेलांटी पार शिरोरेघेच्या पुढं गेलेली. श्रद्धानं ते अक्षर लगेच ओळखलं. तिच्या प्रगतिपुस्तकावर दर वर्षी हेच अक्षर असायचं. तिनं वडिलांकडं पाहिलं. ते पंख्याकडं बघत होते.

"मुरुडच्या शाळेवर होतो तेव्हाचं खातं हाय ते," शेवटी ते पुटपुटले. "मॅनेजर म्हणाला, गुरुजी, बाईंना कशाला त्रास, सहीचं कार्ड घरी न्या. गावात माझा साक्षरता वर्ग चालायचा. हेडमास्तरची बायको अंगठा लावते म्हटल्यावर लोकांनी शेण घातलं असतं तोंडात."

श्रद्धाच्या डोक्यात तिडीक गेली. रांगेतले लोक बघतायत याचंही तिला भान राहिलं नाही. "आणि तुम्ही गेल्यावर? ही सही करायला आईनं तुमचा हात कुठून आणायचा होता, अण्णा? सगळं करून ठेवलंय म्हणे!"

उत्तर दिलं ते गोदावरीबाईंनी, अगदी शांतपणे.

"वर्ग आपल्याच ओसरीवर भरायचा. वीस बाया यायच्या. त्यांचा चहा मी करायची. मला एकदा जरी बस म्हणले असते, तर बसले असते की मी."

राजशेखर घसा खाकरून म्हणाला, "सर, मार्ग आहे. मावशींच्या नावानं अर्ज द्या, की सही करता येत नाही, यापुढं अंगठा धरावा. नवा फोटो, नवं कार्ड, दोन साक्षीदार. मग कुणी असो-नसो, मावशी स्वतः येऊन पैसे काढतील. वारसाच्या फॉर्मवरही अंगठाच चालेल. फक्त अर्ज कुणीतरी लिहून द्या."

श्रद्धानं पेनासाठी हात पुढं केला. पण वसंतरावांनी कोरा कागद आधीच स्वतःकडं ओढला होता. त्याच टपोऱ्या अक्षरात ते लिहू लागले, आणि दुसऱ्या ओळीशी अडले.

"काय लिहिलंत? वाचून दाखवा," गोदावरीबाई म्हणाल्या.

हजारो पोरांसमोर खणखणीत वाचणारा माणूस एकेक शब्द करून वाचू लागला. "मला... मला लिहिता-वाचता येत नाही."

"बरोबर. पुढं लिहा, कारण मला कुणी शिकवलं न्हाई."

"मावशी, कारण लागत नाही अर्जात," राजशेखर हळूच म्हणाला.

"बँकेला लागत नसंल. मला लागतंय."

वसंतरावांनी बायकोकडं पाहिलं. मग खाली वाकून त्यांनी ते वाक्य लिहिलं, एकही शब्द न गाळता, आणि न सांगता मोठ्यानं वाचूनही दाखवलं. गोदावरीबाईंनी मान हलवली, अंगठा शाईत दाबला आणि त्या ओळीखाली नीट टेकवला. वसंतरावांनी खिशातला रुमाल पुढं केला. तो न घेता त्यांनी अंगठा आपल्या पदराला पुसला.